भिंतीवरचे आमचे हे

आमच्या घरात नारळ कधी विकत आणावा लागत नाही. कॉलनीत कोणी नवी रिक्षा घेतली, कोणाचं पोर बारावीला बसलं, कोणी वडापावची गाडी लावली की संध्याकाळी आमच्या ह्यांना बोलावणं येतं, आणि हे परत येताना हातात फोडलेल्या नारळाची एक कवड घेऊन येतात. दक्षिणा घेत नाहीत. त्या कवडींची चटणी करून करून माझे दोन मिक्सर मेले, पण ते ह्यांच्या गावी नाही.

आमचे हे म्हणजे सहदेव परब. दिंडोशीच्या म्हाडा कॉलनीत गाऱ्हाणं घालणारे परब म्हणून विचारलंत तर कोणीही जिन्यापर्यंत आणून सोडेल. गाऱ्हाणं म्हणजे काय ते आम्हा कोकणातल्यांना सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. हातात नारळ धरायचा आणि उभ्या उभ्या देवाशी बोलायचं. कोण आलंय, त्याचं काय अडलंय, देवाने काय करावं, ते मोठ्याने सांगायचं. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. हे कुठे लिहिलेलं नसतं. समोरच्याचं गाऱ्हाणं ऐकायचं आणि तिथल्या तिथे रचायचं. ह्यांच्या वडिलांना कणकवलीकडच्या आमच्या गावात देवळात तो मान होता. हे मिसरूड फुटायच्या आत काकाकडे लालबागला आले, गिरणीत लागले, गिरणी बंद पडली, मग अंधेरीला एमआयडीसीत पॅकिंगला लागले, तिथून रिटायर झाले. काम बदललं, खोली बदलली, मान तेवढा राहिला. माणसं ह्यांच्यासमोर जे बोलतात ना, ते बायकोजवळ बोलत नाहीत. कोणाचा मुलगा पितो, कोणाच्या सुनेला मूल नाही, सगळं ह्यांना ठाऊक. आणि ह्यांनी कधी त्यातलं अक्षर बाहेर फोडलं नाही, एवढं मात्र मी कबूल करते.

स्वतःच्या घरातलं मात्र वेगळं. स्वतःच्या घरात काही अडलं की ह्यांची दातखीळ बसते.

आमची श्रुतिका मालाडला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. लग्न करून नालासोपाऱ्याला दिली होती. नवरा दिसायला शहाणा, बोलायला गोड, आणि घरी हात उचलायचा. तिने आम्हाला कळू दिलं नाही. मग मागच्या वर्षी एका दुपारी मी बाजारातून आले तर ही बॅग घेऊन हॉलमध्ये बसलेली. दंडावर हिरवे-निळे डाग. मी ते डाग बघून रडायला लागले, तर हिनेच मला पाणी आणून दिलं. हे खिडकीशी उभे, पाठ करून.

दुसऱ्याच दिवशी समोरच्या सुंदराबाईंनी विचारलं, श्रुतिका राहायला आली वाटतं? ह्यांनी जागच्या जागी ठोकून दिलं. जावयाला गल्फमध्ये काम लागलंय, तोवर ती आमच्याकडे. सुंदराबाईंना सांगितलं म्हणजे कॉलनीला सांगितलं. मी घरात येऊन खूप बोलले. "कशाला खोटं बोललात? आपल्या मुलीने काय चोरी केलीय?" तर म्हणतात, "तुका नाय कळूचा. लोक माझ्याकडे आपला दुःख घेऊन येतत. माझ्याच घरात असा झाला म्हटल्यावर कोण येतलो?" पुढे मला पण हो ला हो करावं लागलं. खोट्याचं तसंच असतं, एक जण बोलला की सगळ्या घराला वाहावं लागतं. श्रुतिका डबा घेऊन जायची, यायची, झोपायची.

अशात ती गार्गी आली.

गार्गी बोरिवलीची. चष्मा, कॉटनचा कुर्ता, आणि माणसाचं ऐकून घ्यायची सवय. ती सवय तुम्हाला वाटते तेवढी चांगली नसते, ते मला नंतर कळलं. कॉलनीच्या सत्यनारायणाला तिने ह्यांचं गाऱ्हाणं ऐकलं आणि आठवडाभरात घरी हजर. मालाडच्या एका मॉलमध्ये वरचा मजला रिकामा पडलाय, तिथे आम्ही म्युझियम करतोय म्हणाली. मी म्हटलं, "मॉलमध्ये? काय ठेवणार, जुन्या साड्या?"

ती हसली. "काकू, वस्तू नाहीच ठेवणार. काचेच्या पेटीतली भांडी बघायला आता कोणी येत नाही. आम्ही माणसं ठेवणार. पुढची म्युझियमं अशीच असणार बघा."

मला आधी कळेचना. मग तिने नीट सांगितलं. भिंतीवर माणसाएवढा पडदा. त्यावर मढची एक कोळीण, घाटकोपरची एक पापडवाली, मुलुंडचे एक मास्तर, अशी आपल्या उपनगरातली साधी माणसं उभी. लोकांनी माइकमध्ये विचारायचं आणि पडद्यावरच्या माणसाने उत्तर द्यायचं. त्यासाठी त्या माणसाला आधी खूप बोलतं करायचं, सगळं रेकॉर्ड करायचं, आणि मग कॉम्प्युटर त्यातून हवं ते उत्तर शोधून त्याच्याच आवाजात बोलतो. जे त्या माणसाने सांगितलंच नाही ते कॉम्प्युटर बनवून सांगत नाही, असा तिचा कटाक्ष होता. त्याचं तिला फार कौतुक. मी लहानपणी राणीच्या बागेशेजारचं म्युझियम बघितलेलं. तिथल्या मूर्ती बिचाऱ्या गप्प असतात. कोणाचं उणंदुणं काढत नाहीत.

हे मात्र एकदम खूश. तोंडाने "माझा काय बघूचा लोकांनी" म्हणत होते आणि आरशात मिशी बघत होते. मी पण पांढरा सदरा इस्त्री करून दिला, खोटं कशाला बोलू.

मग कितीतरी दुपारी आम्ही मालाडला गेलो. हे आत बोलायचे, मी बाहेर डबा घेऊन बसायचे. आत आवाज जाऊ नये म्हणून काचेची बंद खोली होती. मला नुसते ह्यांचे हलणारे हात दिसायचे. गिरणीबद्दल बोलले, संपाबद्दल बोलले, गावच्या देवळाबद्दल बोलले. घरात कोण कोण, असं गार्गीने विचारलं तेव्हा तिथेही जावई गल्फला पाठवला. आता त्या कॅमेऱ्याला काय नाक होतं का, कापलं जायला? पण नाही.

शेवटच्या दिवशी गार्गी म्हणाली, काका, आज नमुन्याचं एक गाऱ्हाणं घाला. कोणाच्याही नावाने, खोटं चालेल.

इथे खरी गोची झाली. खोटं गाऱ्हाणं घालायचं नसतं. देवाला हाक मारली की काहीतरी खरं मागणं पाहिजे, नाहीतर ती हाक फुकट जाते आणि देव पुढच्या खेपेला ऐकत नाही, असं आमच्याकडे मानतात. नाटकात घालतात ते वेगळं, मान असलेल्या माणसाने रिकामं घालायचं नाही. म्हणून ह्यांनी तिलाच विचारलं, तुझं काय अडलंय? ती म्हणाली, माझं म्युझियम नीट चालू दे. हे उभे राहिले, नारळ धरला आणि म्युझियमसाठी झकास गाऱ्हाणं घातलं. गार्गीबरोबर काम करणाऱ्या सगळ्या पोरांनी 'व्हय म्हाराजा' केलं. पण कॅमेरावाला म्हणाला, काका, लाइट जरा इकडेतिकडे झाली, परत एकदा घ्या ना.

परत कसं घेणार? एकच मागणं देवाकडे लागोपाठ दोनदा नेलं तर त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. दुसरं मागणं पाहिजे. खरं पाहिजे. ह्यांनी मला हे सगळं खूप नंतर सांगितलं. म्हणाले, डोळे मिटले आणि दुसरं काही सुचेचना, छातीत जे होतं तेच वर आलं.

मी काचेतून बघत होते. हे नारळ धरून काहीतरी बोलतायत, मग उपरण्याने डोळे पुसतायत. मला वाटलं दिवे डोळ्यांवर येतायत.

सगळं मालवणीत बोलले, भरभर. खोलीत एकही कोकणातलं माणूस नव्हतं. ह्यांना वाटलं, ह्या पोरांना यातलं ओ की ठो कळणार नाही. आणि त्या पोरांना कळलं नव्हतंच. कळलं ते मशीनला.

गार्गीचा दोष आहे की नाही, यावर मी स्वतःशी खूप भांडले. तिने ह्यांना उद्घाटनाच्या आधी दोनदा फोन केला, काका, एकदा येऊन बघून जा, काही नको असेल तर काढू. हे म्हणाले, "माझाच तोंड माका काय बघूचा?" आता बोला. आणि खोटं चालेल असं तिनेच सांगितलेलं, म्हणून गार्गीला ते रचलेलंच वाटलं; एवढंच वाटलं, की दुसरं गाऱ्हाणं जास्त मनापासून झालंय. ते तर झालंच होतं.

उद्घाटनाला कॉलनीतून एक आख्खी बस केली. ह्यांनी घरोघरी जाऊन बोलावणं केलेलं. श्रुतिकाने लॅबमधून सुट्टी घेतली, माझी अबोली रंगाची साडी नेसली. बऱ्याच महिन्यांनी तिने काजळ घातलं होतं. बाबांचा फोटो लागणार म्हणून नव्हे, बाबा बोलणार म्हणून.

पडदा उजळला आणि भिंतीवर आमचे हे उभे. पांढरा सदरा, उपरणं, हातात नारळ. अंगावर काटा आला माझ्या. सुंदराबाईंनी माझा हात दाबला. पडद्यावरच्या ह्यांनी डोळे मिटले आणि सुरू केलं.

"बा देवा, माझ्या गावच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आमची सगळी बस एका दमात. सवयच ती. गाऱ्हाण्यात आवाज थांबला की आमच्या तोंडून ते आपोआप निघतं, अर्थ कळायच्या आधी.

"आज ह्यो तुझो सेवक तुझ्या पायाकडे इलेलो हा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझा चेडू श्रुतिका, घोवान टाकलेला, माझ्या घरात येवन बसलेला हा!"

"व्हय म्हाराजा!"

तेही जोरात झालं. कोणाला कळलंच नव्हतं काय म्हटलं ते. खाली पिवळ्या अक्षरांत साध्या मराठीत आणि इंग्रजीत उमटत होतं, माझी मुलगी श्रुतिका, नवऱ्याने टाकलेली. मी ते वाचलं.

"मी लोकांका खोटा सांगतंय, जावय परदेशात हा म्हणान!"

"व्हय म्हारा..." निम्मी माणसं मध्येच थांबली. निम्म्यांचं बोलून झालं होतं.

"माझ्या घराक लागलेलो ह्यो डाग तू धुवन काढ रे म्हाराजा! माका मान वर करून चलाक दी!"

मागून कुठल्यातरी पाहुण्याने, आमच्यातला नव्हता, हौसेने एकट्यानेच 'व्हय म्हाराजा' म्हटलं. पडद्यावरच्या ह्यांनी डोळे पुसले, नारळ कपाळाला लावला. मग पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. का नाही वाजवणार, त्यांना काय ठाऊक.

मी मागे वळून बघितलं. श्रुतिका भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती. कॉलनीतला एकही माणूस तिच्याकडे बघत नव्हता. सगळे इतके ठरवून दुसरीकडे बघत होते की त्यापेक्षा टक लावून बघितलं असतं तर बरं. आमचे हे, खरे, हार घालून पुढच्या खुर्चीवर बसलेले. मान खाली. तो हार काढायचंही सुचत नव्हतं. मला त्यांचा राग आला आणि त्यांच्याकडे बघून जीवही तुटला, दोन्ही एकदम.

गार्गी धावत आली. तिला खालची अक्षरं वाचून नाही, आमचे चेहरे वाचून कळलं. तिने त्याच मिनिटाला ते गाऱ्हाणं बंद करायला लावलं आणि त्या जागी पहिलं, म्युझियमचं, लावलं. पण झालं ते झालंच होतं.

घरी आल्यावर श्रुतिकाने साडी घडी करून माझ्या कपाटात ठेवली. मग म्हणाली, "बाबा, त्याने मला टाकलं नाही. मी निघून आले." एवढंच. डागाबद्दल ती बोलली नाही, पण तो शब्द आमच्या त्या दोन खोल्यांत कुठेही बसलं तरी अंगाला लागत होता.

तुम्हाला वाटेल, आता तरी संपलं. सगळ्यांना कळलं, सुटलो. मलाही तेच वाटलं होतं. पण आमच्या कॉलनीची माणसं चांगली आहेत, आणि तिथेच वाट लागली. त्यांनी आपापसांत ठरवलं असणार, की परबांची अब्रू राखायची. म्हणजे काय, तर कोणी काही ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी सुंदराबाई वाटीभर साखर परत द्यायला आल्या. दारातच उभ्या राहिल्या, जमिनीकडे बघत म्हणाल्या, "जावयांचा फोनबिन येतो ना हो?"

बाई बिचारी दोर टाकत होती. घ्या आणि वर या, असं. आणि आमच्या ह्यांनी तो दोर धरला.

"येता तर! परवाच येवन गेलो. थंय उष्मा लय हा म्हणालो."

श्रुतिका आत कपड्यांना इस्त्री करत होती. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. अर्धी ओढणी चुरगळलेली तशीच राहिली.

मला आजवर ह्यांची कधी एवढी लाज वाटली नव्हती. उद्घाटनात वाटली ती वेगळी. तिथे माणूस फसला होता, भोळेपणाने. इथे समोरची जाणत होती, हे जाणत होते, आत मुलगी ऐकत होती, आणि तरी बोलले. सुंदराबाई गेल्यावर मी म्हटलं, "तुमचं तोंड आहे की काय आहे?" हे म्हणाले, "तीच विचारी होती गे." मी म्हटलं, "ती तुमची लाज झाकायला विचारत होती. तुम्ही मुलीला परत उघडं पाडलंत."

त्या दिवसापासून श्रुतिका घरात बोलेनाशी झाली. डबा कर, दार लाव, एवढंही नाही. पुण्याला एका लॅबमध्ये जागा आहे का म्हणून फोनवर कोणालातरी विचारत होती, ते मी ऐकलं. मुलगी नवऱ्याचं घर सोडून आली ते मी सोसलं. बापाचं घर सोडून गेली तर मला ते सोसणार नव्हतं. ह्यांनाही नव्हतं. पण ह्यांनी काय ठरवलं असेल? म्हणे, माका भिंतीवरसून खाली काढा. सगळा दोष त्या पडद्याचा.

गार्गीला फोन केला. ती म्हणाली, "काका, तुमचंच आहे ते. जुन्या म्युझियममध्ये एकदा वस्तू गेली की गेली, मालकाला विचारतं कोण? इथे माणूस जिवंत आहे, त्याला कधीही सांगता आलं पाहिजे की हे ठेवा, हे काढा. तुम्ही या, समोर बसून ठरवू." चांगलं बोलते पोरगी. मला पटलंही. उद्या सगळीच म्युझियमं माणसांची होणार असतील तर त्यांना एवढी रीतभात पाहिजेच.

आम्ही गेलो तेव्हा भर दुपार होती. आत एका शाळेची सहल आलेली, पोरं मढच्या कोळणीला पापलेटचा भाव विचारून खिदळत होती. गार्गी कुठेतरी आत होती. आम्ही ह्यांच्या भिंतीकडे वळलो आणि मी ह्यांचा हात धरून थांबवला.

पडद्यासमोर श्रुतिका उभी होती. लॅबचा पांढरा कोट तसाच अंगावर. तिची जेवणाची सुट्टी. आमच्याकडे पाठ होती.

तिने माइकमध्ये विचारलं, "तुमची मुलगी कुठे असते?"

पडद्यावरचे हे छान हसले. "सध्या आमच्याकडेच आहे. जावई गल्फला असतो. सुखात आहेत दोघं."

जवळ उभ्या असलेल्या सहलीच्या बाई कौतुकाने ऐकत होत्या. श्रुतिकाने पुढचं विचारलं.

"ती कायमची परत आली असेल तर? तिला ठेवून घ्याल?"

पडद्यावरचे हे ह्यांच्याच आवाजात म्हणाले, "याबद्दल मी काही सांगितलेलं नाही. दुसरं काही विचारा."

"तुम्हाला तिची लाज वाटते?"

"याबद्दल मी काही सांगितलेलं नाही. दुसरं काही विचारा."

ती तेच दुसऱ्या शब्दांत विचारत राहिली आणि पडदा तेच सांगत राहिला. मी ह्यांचा हात सोडला. मी ढकललंच त्यांना. "जा."

हे पुढे गेले. "श्रुती. माका विचार गो. त्याका काय विचारतंस, माका विचार."

ती वळली. आम्हाला बघून दचकली नाही.

"विचारलं होतं, बाबा," ती म्हणाली. "बॅग घेऊन आले त्या दिवशी. आई बाजारात गेली होती. दारातच विचारलं होतं, बाबा, मी राहू ना इथे? तुम्ही काय म्हणालात आठवतंय? म्हणालात, आधी आत ये, जिन्यात लोक ऐकतील."

मला हे ठाऊक नव्हतं. देवाशप्पथ ठाऊक नव्हतं. मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना आठवत होतं.

"मी आत आले. तुम्ही दार लावलंत. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच."

ह्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात सहलीच्या बाई पुढे झाल्या, त्यांनी ह्यांना ओळखलं होतं. "अहो, हे तर तेच काका! मुलांनो, इकडे या, बघा कोण आलंय!" सगळी पोरं गोळा झाली. बाई श्रुतिकाकडे बघून हसल्या. "आणि ही मुलगी ना तुमची? जावई गल्फला असतात ती? आत्ताच ऐकलं आम्ही. किती छान."

त्या बाई ना आमच्या कॉलनीतल्या, ना गावच्या. पुन्हा कधी दिसणार नव्हत्या. नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. ह्यांनी मान हलवायला सुरुवात केलीसुद्धा, मी बघितलं. मग थांबले.

"जावई नाही," हे म्हणाले. "ही त्याचं घर सोडून आलीय. आता कायमची आमच्याकडे."

"काय म्हणालात, काका? पोरांच्या कलकलाटात ऐकू नाही आलं."

ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी काही मदत केली नाही. मग त्यांनी ते परत सांगितलं, मोठ्याने, सगळ्या हॉलला जाईल असं. "तो हिला मारायचा. ही सोडून आली. मी सगळ्यांना खोटं सांगत होतो. तो पडदा पण खोटं सांगतो, माझंच ऐकून. ही माझ्या घरात राहणार, तिला पाहिजे तोवर, आणि कोणी विचारलं तर मी हेच सांगणार."

बाईंचा चेहरा बघवेना, त्यांनी "अच्छा, अच्छा" म्हणत मुलांना पापडवालीकडे वळवलं. ह्यांच्या कानशिलांवरून घाम वाहत होता. चारचौघांत कपडे फाडावेत तसा माणूस उभा होता.

श्रुतिका जवळ आली. त्यांच्या उपरण्याच्या टोकाने तिने त्यांचं कपाळ पुसलं. "पहिल्यांदा म्हणालात तेव्हाच मला ऐकू आलं होतं, बाबा," ती म्हणाली, आणि सुट्टी संपली म्हणून गेली.

हे बाकावर बसले, खाली बघत. गार्गी लगबगीने आली. "सॉरी काका, मीटिंगमध्ये अडकले. बोला, काय काढायचं, काय ठेवायचं?"

ह्यांना मान वर करता येईना. मीच म्हटलं, "थांब जरा, बाळा. आत्ताच त्यांनी खरं सांगितलंय. त्यांना थोडा वेळ लाज वाटू दे."